गादीतल्या माइटची ॲलर्जी : कोल्हापूरच्या ओल्या हवेत घर कसं सांभाळायचं

सकाळी जाग आली की सलग शिंका. नाक आधी गळतं, मग चोंदतं. टाळूला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात खाज सुटते. घराबाहेर पडलं की तास-दोन तासांत बरं वाटतं. पावसाळ्यात त्रास वाढतो, उन्हाळ्यात ओसरतो. असं होत असेल तर ॲलर्जी बहुधा डस्ट माइटची आहे, आणि माइटचा सगळ्यात मोठा साठा रात्री डोकं ठेवता त्या उशीत आणि गादीत असतो. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा अंथरुणाला दिली आहे. शोकेस, पुस्तकं, पडदे यांचा नंबर नंतर.

माइट हा ०.२ ते ०.३ मिलिमीटरचा, आठ पायांचा जीव. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगावरून रोज झडणारा कोंडा हेच त्याचं अन्न. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीचं मूळ या जीवात आहे, हे १९६०च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं. त्रास मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा होतो. विष्ठेचे हे कण साधारण १० ते ४० मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे हवेतल्या इतर धुळीच्या मानाने जड. अंथरूण झटकलं की उडतात आणि अर्ध्या तासात बहुतेक खाली बसतात. माइट मेला तरी ती विष्ठा महिनोन्‌महिने तशीच राहते. त्यामुळे मारणं हे एक काम आणि धुऊन-पुसून बाहेर काढणं हे दुसरं. पहिलं करून दुसरं सोडलं की लोक म्हणतात, "एवढं केलं, काही फरक पडला नाही."

अजून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. माइट पाणी पीत नाही, हवेतली ओल अंगात शोषून घेतो. खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली टिकून राहिली तर तो काही आठवड्यांत वाळून मरतो. ७० ते ८० टक्के आर्द्रता आणि पंचविशीच्या आसपास तापमान मिळालं की त्याची वाढ जोरात होते. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात नेमकी हीच हवा असते.

आधी उशी, मग गादी

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर उशी आणि गादीच्या बंद खोळींवर घाला. खोळ सहाही बाजूंनी बंद आणि चेनची हवी. बाजारात 'मॅट्रेस प्रोटेक्टर' म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा फक्त वरून पसरून कोपऱ्यांना इलॅस्टिकने अडकवायचं असतं. गादीचा तळ आणि कडा उघड्या राहतात, म्हणून ते या कामाचं नाही. दुकानदाराला कापडाच्या छिद्राचा आकार विचारा. १० मायक्रॉनपेक्षा कमी हवा, ६च्या आसपास असेल तर उत्तम. त्याला आकडा सांगता येत नसेल तर पाकिटावर 'अँटी-ॲलर्जी' कितीही मोठं छापलेलं असो, घेऊ नका. इचलकरंजीचं साधं पॉपलिन घेऊन शिंप्याकडून खोळ शिवायचा विचार बरेच जण करतात. कापड चांगलंच असतं, पण साध्या विणीतली छिद्रं या कणांना अडवत नाहीत. जाड रेक्झिन अडवतं, मात्र त्यावर पाठीला घाम येतो. तात्पुरती सोय म्हणून उशीला ते चालेल, वर सुती अभ्रा चढवून.

माप घेताना लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही घ्या. कापसाची गादी वापरून मध्ये दबलेली असते, तिची जाडी कडेला मोजा. खोळ घट्ट झाली की चेनीवर ताण येतो आणि शिलाई उसवते. चेनीचं शेवटचं टोक हा हमखास गळतीचा कोपरा. तिथे कापडी चिकटपट्टी लावा. खोळ चढवण्याआधी गादी पूर्ण कोरडी हवी. दमट गादी बंद केली तर आत बुरशी धरते आणि एका ॲलर्जीच्या दोन होतात. म्हणून हे काम मार्च ते मे या महिन्यांत उरका, जुलैत नको.

खोळ चढली तरी वरची चादर आणि अभ्रे दर आठवड्याला धुवावेच लागतात, कारण कोंडा झडतच राहतो आणि नवे माइट वर वाढतात. चादर बदलताना खोळ ओल्या फडक्याने पुसून घ्या. एका खोलीत दोघं-तिघं झोपत असतील तर सगळ्यांच्या गाद्या-उशा बंद करा. शेजारच्या उघड्या गादीवरून कण येतातच.

काथ्याच्या किंवा फोमच्या गादीत माइट होत नाहीत हा समज चुकीचा आहे. आत कमी-जास्त असतील, पण वरच्या कापडावर कोंडा साठतोच, आणि नव्या कोऱ्या गादीतही काही महिन्यांत वस्ती होते. नवी गादी आणलीत तर पहिल्याच दिवशी खोळ चढवा. कापसाची जुनी गादी पिंजारीकडून पिंजून घ्यायची असेल तर त्याच्या दुकानी द्या. दारात बसवून पिंजू नका, तेव्हा उडणारी धूळ रुग्णाला आठवडाभर पुरते. पुराच्या पाण्यात भिजलेली किंवा ओलीचा वास मारणारी गादी पिंजून काही उपयोग नाही. ती टाकून द्या.

गरम पाण्याचं धुणं

माइट मरायला पाणी ५५ ते ६० अंश सेल्सिअस लागतं. गार पाण्याच्या धुण्यात विष्ठेतलं प्रथिन बरंचसं विरघळून निघून जातं, पण जिवंत माइट धाग्यांना धरून बसतात आणि चादर पुन्हा अंथरली की वाढायला लागतात.

हीटर असलेलं समोरून उघडायचं मशीन असेल तर 'कॉटन ६०' लावा. झटपट धुण्याच्या प्रोग्राममध्ये पाणी तेवढं तापत नाही, टिकत तर नाहीच. ड्रम पाऊणच भरा, गच्च भरलेल्या ड्रममध्ये खळबळणं नीट होत नाही.

हीटर नसलेलं मशीन असेल किंवा हाताने धुणं होत असेल तर बंब किंवा गॅस आहेच. मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा स्टीलची टाकी घ्या. आधी ५ लिटर नळाचं पाणी ओता, मग १० लिटर उकळतं पाणी. मिश्रण साधारण ७० अंशांच्या थोडं वर येतं. साबणाची पावडर विरघळवा, कोरड्या चादरी-अभ्रे बुडवा, काठीने खाली दाबा आणि झाकण ठेवा. अर्ध्या तासाने काढेपर्यंत पाणी ५५च्या वर राहायला हवं. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर असेल तर एकदा मोजून पाहा, म्हणजे आपल्या भांड्याचा अंदाज येतो. पाणी खाली उतरत असेल तर नळाचं पाणी एक लिटरने कमी करा. मग नेहमीसारखं मशीनला लावा किंवा हाताने दोनदा खळबळून काढा. कापड ओलं करून बुडवलंत तर पाणी लगेच गार पडतं. स्वस्तातली प्लास्टिकची बादली इतक्या पाण्याने मऊ पडते आणि उचलताना कडी सुटते, ती वापरू नका. लहान मूल घरात असेल तर मोरीचं दार लावून घ्या. भाजण्याचा धोका माइटपेक्षा मोठा आहे.

रक्ताचे, दुधाचे डाग गरम पाण्यात पक्के बसतात. ते आधी गार पाण्यात काढून घ्या. रंग जाणारी चादर आठवड्याच्या या धुण्याला वापरूच नका. पांढऱ्या किंवा फिक्या सुती चादरींचे तीन जोड या कामासाठी वेगळे ठेवा.

वाकळ, घोंगडं, मऊ खेळणी

आजीच्या हातची वाकळ हे माइटचं सगळ्यात लाडकं घर. जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर, मध्ये ओल धरणारी जागा, आणि वर्षातून एकदाच धुणं. ती टाकून द्या असं कुणी म्हणू नये, आम्ही तर नाहीच. पण ॲलर्जी असलेल्याने ती पांघरू नये. वापरायचीच असेल तर बंद खोळीत घालून वापरा. तिला गरम पाणी चालतं. वाळवताना मात्र घाई नको. बाहेरून कोरडी लागली तरी आतले थर ओले असतात. दोन दिवस ऊन द्या, उलटसुलट करा, शिवणीच्या जाड जागी बोट दाबून पाहा.

घोंगडं गरम पाण्यात घातलं तर आटतं. त्याला उन्हाचा मार्ग. मार्च ते मे, सकाळी अकरा ते दुपारी तीन, गच्चीवर थेट उन्हात. खाली काळं प्लास्टिक अंथरलं तर आणखी तापतं. दीड-दोन तासांनी उलटा. गादीलाही असंच करता येतं, पण चार इंची कापसाच्या गादीचा मधला भाग एका दिवसात तापत नाही आणि माइट उष्णतेपासून आत सरकतात. म्हणून सलग तीन-चार दिवस, दोन्ही बाजूंनी. शेवटी बडवून धूळ काढा, तीही गच्चीवरच, आणि ॲलर्जी नसलेल्या माणसाने.

मुलांची मऊ खेळणी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा. उणे १८ अंशांना २४ तास पुरतात. एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड होतोच असं नाही, तिथे ४८ तास ठेवा. नंतर धुवा, नाहीतर मेलेले माइट आणि विष्ठा खेळण्यातच राहतात. एका वेळी एकच खेळणं अंथरुणात, बाकीची पेटीत.

ओल मोजा, मग हटवा

कमी किमतीचा डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि पलंगाच्या उंचीवर ठेवा, खिडकीजवळ नको. नवा मापक खरं सांगतो का ते घरच्या मिठावर तपासता येतं. बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ घ्या, त्यावर थेंब-थेंब पाणी टाका. मीठ ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे, विरघळता कामा नये. ते झाकण आणि मापक एका चेनच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. आत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ७९ दाखवत असेल तर तो चार जास्त दाखवतो, तेवढे वजा करून वाचत चला.

आता एक कटू गोष्ट. पावसाळ्यात खिडक्या उघडून आर्द्रता कमी होत नाही, कारण बाहेरची हवा आतल्याइतकीच किंवा जास्त ओली असते. खिडक्या उघडाव्यात त्या स्वयंपाकाची आणि अंघोळीची वाफ बाहेर जावी म्हणून. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दुपारी हवा खरोखर कोरडी असते. तेव्हा झोपायची खोली सताड उघडा, पलंगाच्या बॉक्सचं झाकणही.

पावसाळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) किंवा एसी. १०० ते १२० चौरस फुटांच्या खोलीला दिवसाला १० ते १२ लिटर क्षमतेचा कॉम्प्रेसरवाला डीह्युमिडिफायर घ्या. हा आकडा बहुधा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरून दिलेला असतो, प्रत्यक्षात पाणी कमी निघतं. दारं-खिडक्या बंद करूनच चालवा, नाहीतर तो अख्ख्या पेठेची हवा सुकवत बसेल. एसी ओल काढतो ती फक्त कॉम्प्रेसर चालू असताना. खोलीच्या मानाने मोठा एसी पाच मिनिटांत थंड करून थांबतो आणि ओल तशीच राहते. अशा वेळी 'ड्राय' मोड लावा. भर पावसात ५० टक्के गाठणं अवघड आहे. ५५ ते ६०पर्यंत आणलंत तरी माइटची वाढ मंदावते.

दोन्ही परवडत नसतील तर ओल वाढवणाऱ्या गोष्टी तरी थांबवा. मशीनच्या एका घाण्याचे कपडे घरात वाळत घातले तर त्यातून दोनेक लिटर पाणी हवेत जातं. ते व्हरांड्यात किंवा जिन्याखाली वाळू द्या, झोपायच्या खोलीत पंख्याखाली नको. पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या सखल भागात, जिथे २०१९ आणि २०२१च्या पुराचं पाणी शिरलं, तिथल्या भिंतींत खालून ओल चढत राहू शकते. त्या भिंतीला लागून गादी, लोड किंवा कपड्यांचं कपाट नको. ओल आलेली भिंत प्लायवुडने किंवा वॉलपेपरने झाकू नका. ओल जात नाही, मागे बुरशी वाढते. पलंगाच्या बॉक्समध्ये पाहुण्यांच्या गाद्या-रजया कोंबून ठेवायची आपल्याकडे रीतच आहे. ॲलर्जी असलेल्याच्या पलंगाखाली तरी ती मोडा.

झाडलोट, आणि नवरात्राआधीची सफाई

कोरडी केरसुणी फिरवली की बसलेली धूळ पुन्हा नाकाच्या उंचीवर येते. आधी ओलं फडकं, मग केर. वरून खाली या. पंख्याच्या पात्याला जुना अभ्रा चढवून ओढून घ्या, धूळ अभ्र्यातच राहते. मग कपाटाच्या कडा, पलंगाची चौकट, शेवटी फरशी. व्हॅक्यूम क्लीनर हेपा फिल्टरचा, म्हणजे बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचा असेल तर गादीच्या एका बाजूला सावकाश पाच मिनिटं फिरवा. हेपा नसेल तर मागच्या झोताने बारीक धूळ खोलीभर पसरते, त्यापेक्षा ओलं फडकं बरं. जिवंत माइट व्हॅक्यूमने फारसे निघत नाहीत, वरची विष्ठा निघते. सतरंजी, गालिचा, जाड पडदे झोपायच्या खोलीतून काढा. पातळ सुती पडदे लावा आणि दोन महिन्यांनी धुवा.

कोल्हापुरात नवरात्राआधी घरोघरी अख्खं अंथरूण-पांघरूण निघतं. सफाईची ही प्रथा चांगलीच आहे. फक्त ती पावसाळा संपता संपता येते, म्हणजे चार महिने वाढलेले माइट आणि त्यांचा साठा सगळ्यात जास्त असतो तेव्हा. वर्षातला मोठा अटॅक अनेकांना याच आठवड्यात येतो. म्हणून काम वाटून घ्या. झटकणं, माळा काढणं, गाद्या उचलणं हे ज्याला ॲलर्जी नाही त्याने करावं. ॲलर्जी असलेल्याने त्या दिवशी घराबाहेर राहावं आणि सफाई संपल्यावर तासाभराने यावं. आपल्याकडे हे काम बाईवरच पडतं आणि तिलाच दमा असतो, असं फार घरांत दिसतं. घरच्यांनी हे मनावर घ्यायला हवं. नाइलाजच असेल तर नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा. तोंडाला बांधलेला पदर किंवा रुमाल बारीक कण अडवत नाही.

ज्यावर पैसे जातात आणि फरक पडत नाही

एअर प्युरिफायर धुराला, परागकणांना उपयोगी आहे. पण माइटचे कण हवेत टिकतच नाहीत, ते उशीत असतात आणि नाक उशीला टेकलेलं असतं. माइट मारायच्या फवाऱ्यांचा परिणाम थोडा आणि थोडे दिवस. कडुनिंबाचा पाला कपाटात ठेवा, हरकत नाही, पण गादीत साठलेल्या विष्ठेवर त्याचा काही परिणाम नाही. डांबरगोळ्या मात्र अंथरुणात ठेवू नका. वासाने नाक-घसा चुरचुरतो. जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाला अशा गोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यात गुंडाळलं तर त्याच्या रक्तपेशी फुटू शकतात. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल यांनी माइट वाढत नाहीत, पण सुजलेलं नाक आणखी चिडतं.

डॉक्टर आणि औषध

घराची मांडामांड सुरू करण्याआधी निदान पक्कं करा. हिवाळ्यात, उसाचं पाचट पेटवतात त्या दिवसांत किंवा गाजर गवत फुलल्यावर त्रास वाढत असेल तर कारण वेगळं असू शकतं. त्वचेला बारीक टोचून प्रिक टेस्ट किंवा रक्तातली स्पेसिफिक आयजीई (ॲलर्जीची प्रतिपिंडं) तपासणी करतात. प्रिक टेस्टआधी ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात. नेमके किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. दम्याचा पंप मात्र स्वतःहून बंद करू नका.

खोळी लावल्या म्हणून औषध सोडायचं नसतं. २००३ साली ब्रिटनमध्ये दमा असलेल्या हजारावर प्रौढांवर झालेल्या चाचणीत नुसत्या खोळींनी दम्यात फरक पडला नव्हता. मुलांच्या बाबतीत चित्र बरं आहे. २०१७ सालच्या २८४ मुलांच्या चाचणीत माइट अडवणाऱ्या खोळी वापरणाऱ्या २९ टक्के मुलांना दम्याच्या झटक्याने वर्षभरात दवाखान्यात न्यावं लागलं, साध्या खोळींच्या गटात ४२ टक्के. म्हणजे खोळ, गरम धुणं, ओल आणि औषध हे सगळं एकत्र चालायला हवं, आणि दोन-तीन महिने चिकाटीने.

नाकातला स्टेरॉइडचा फवारा बहुतेक जण चुकीचा मारतात. मान थोडी खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, टोक कानाच्या दिशेला. मधल्या पडद्यावर मारला की रक्त येतं. जोरात ओढू नका, औषध घशात जातं. परिणाम पूर्ण दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून रोज घ्या, शिंका आल्यावरच नको. त्याआधी नाक मिठाच्या पाण्याने धुतलं तर औषध नीट बसतं. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पाऊण सपाट छोटा चमचा, म्हणजे साधारण ४.५ ग्रॅम बारीक मीठ घाला. नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नका.

एवढं करूनही त्रास आटोक्यात नसेल तर इम्युनोथेरपीबद्दल, म्हणजे माइटचाच अंश थोडा थोडा देऊन शरीराला त्याची सवय लावण्याच्या उपचाराबद्दल विचारा. इंजेक्शनं किंवा जिभेखालची औषधं, निदान तीन वर्षं. इंजेक्शन घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं, कारण तीव्र रिॲक्शन आलीच तर बहुधा तेवढ्यात येते. दमा आटोक्यात नसताना ती सुरू करत नाहीत.

पंप घेऊनही धाप कमी होत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर वाफ आणि काढ्यात वेळ घालवू नका. १०८ला फोन करा किंवा सीपीआरसारख्या (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) चोवीस तास चालणाऱ्या रुग्णालयात लगेच न्या, आणि वाटेत डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे पंप देत राहा.